चार तारा डावीकडून

बियाण्यांच्या कंपनीत मी उगवण मोजते.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
आठव्या दिवशी किती वर आले ते लिहायचं.
चिमटा डाव्या हातात.
नवीन साहेब आले की आधी हाताकडं बघतात,
मग आकड्यांकडं.

शनिवारी अर्धी सुट्टी टाकून वाद्यांच्या दुकानात गेले.
जालन्यात आहेच किती दुकानं!
पेट्या, हलग्या, बँडवाल्यांची पितळी तोंडं.
"बेस गिटार पाहिजे," म्हटलं.
मुजीबभाईंनी माझ्या मागं बघितलं,
भाऊ, नवरा, पोरगा, कुणीतरी असेलच.
"डावखुऱ्या माणसासाठी."
मग माझ्याकडं बघितलं.

उजवा साडेसात हजारांना, आत्ता.
डावा मागवावा लागेल. सोळा हजार, तीन महिने,
आणि पैसे आधी,
कारण तुम्ही नाही नेला तर कोण नेणार?

माझ्याकडं नऊ होते. त्यातले सहा भिशीचे.

रोहिदास दिवसा आमच्या गोदामात पोती मोजतो,
लग्नसराईत बँजो पार्टीत बेस वाजवतो.
म्हणाला, "ताई, शिकायच्या आधी दोन्ही हात सारखेच अडाणी.
उजवाच घ्या की. काय फरक पडायलाय?"
बोलणं खोडता येईना.
तीन संध्याकाळी त्याचा बेस मांडीवर घेऊन बसले.
डावा हात मुकाट तारा दाबायचा.
उजवा मात्र तारेवर असा पडायचा
जसा पाहुण्याचा पाय अंधारात दुसऱ्याच्या चपलेत.
ठेका माझ्यापाशी होता,
पण तो होता दाबणाऱ्या बोटांत, अडकून.

मग उलटा धरला.
जाड तार खाली, बारकी वर.
तारांची अदलाबदल केली, तर शेंड्याजवळची पांढरी पट्टी अडली:
जाडी बारक्या खाचेत बसेना,
बारकी जाड्या खाचेत खुळखुळायला लागली.
बटणं कोपराखाली आली. हात हलला की आवाज गायब.
"कानशीनं खाच वाढवता येती," रोहिदास म्हणाला,
"कमी नाही करता येत."
बेस त्याचा होता. मी कानस खाली ठेवली.

बुधवारी मुजीबभाईंचा फोन.
परभणीला मावसभावाकडं एक आहे,
पाच वर्षांपूर्वी चुकून आलेला.

सत्तारभाईंनी तो भिंतीकडं तोंड करून टांगला होता.
"पोरं हातात घेतेत, म्हणतेत हे तर उलटंय,
अन् ठिवून जातेत."
किमतीच्या चिठ्ठ्या एकीवर एक:
चौदा, अकरा, नऊ,
सगळ्यात वर नुसतं 'बोला'.

रोहिदासनं पढवलं होतं तसं
एक डोळा मिटून दांड्यावरून बघितलं. सरळ.
पहिला आणि शेवटचा पडदा दाबला, मधे पोस्टकार्डाएवढी फट.
एक खुंटी ढिली, तारा गंजलेल्या,
बटण फिरवलं की तळणात पाणी पडल्यासारखं.
जाड तार छेडली तर थोडी थरथरली.
"जवारी आहे जराशी," सत्तारभाई म्हणाले,
जणू तीही किमतीत धरलेली.
पट्टा खांद्यावर घेतला.
आयुष्यात पहिल्यांदा दुकानातली एखादी वस्तू
मला आरशात न बघता बसली.

सहा हजार दोनशे. तारा नवीन, आठशे.
जालन्याचं तिकीट, चहा.
अँपला उरले नाहीत.

रात्री बेसचं शिंग लोखंडी कपाटाला टेकवलं
आणि सगळ्यात जाड तार ओढली, डाव्या हातानं.
कपाट घुमलं. आतल्या बांगड्या,
वरचा ट्रंक, ट्रंकेतली भांडी.
बरगडीत काहीतरी जागेवर सरकलं.
परत ओढली. परत तीच.
दुसरी अजून येत नव्हती.

भिंतीपलीकडून कमळाकाकू ओरडल्या,
"एवढ्या रात्री काय दळायलीस गं?"

ज्वारी, म्हटलं.